बंगला नावाचा बाजार

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटचे मैदान उभे राहते. थोडे अधिक वाचन असेल तर उसाचे मळे आणि गिरमिटावर गेलेले आपले मजूर आठवतात. ही बेटे इंग्रजांची, काही फ्रेंचांची, काही स्पॅनिशांची, एवढाच आपला सर्वसाधारण समज असतो. त्यांपैकी सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय या तीन बेटांवर डेन्मार्कसारख्या चिमुकल्या देशाने दीर्घकाळ राज्य केले आणि १९१७ साली ती अमेरिकेला रोख पैसे घेऊन विकली, हे पुष्कळांच्या गावीही नसते. यांतील सेंट थॉमसचे मुख्य शहर शार्लट अमाली. तेथील बंदराच्या काठाने जाणाऱ्या मुख्य रस्त्याच्या पश्चिम टोकाला एक चौक आहे. चौकात लोखंडी खांबांवर उभे असलेले एक लांबरुंद छप्पर आहे. त्याला भिंती नाहीत, दारे नाहीत. चहूबाजूंनी वारा खेळतो आणि खाली भाजीपाला, फळे, कंदमुळे विकायला बसतात. गावातले लोक या छपराला 'बंगला' म्हणतात.

शब्द आपलाच आहे. बंगालमधील खेड्यांतल्या उतरत्या छपराच्या घराचे नाव इंग्रजांनी उचलले, ते जगभर नेले, आणि अटलांटिक महासागर ओलांडून ते एका डॅनिश वसाहतीतल्या भाजीबाजाराला जाऊन चिकटले. आपल्याकडे बंगला म्हणजे श्रीमंताची वास्तू. तेथे बंगला म्हणजे पाटीवाल्या बायांच्या डोक्यावरचे छत. शब्दांचे दैव असे विचित्र असते.

प्रवाशांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तिकांत या चौकाविषयी साधारणतः दोन गोष्टी सांगितलेल्या असतात. पहिली, एके काळी येथे गुलामांचा बाजार भरत असे. दुसरी, सध्याचे लोखंडी छप्पर विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातून आणून उभारण्यात आले. पहिली वाचून प्रवासी क्षणभर हळहळतो, दुसरी वाचून छायाचित्र घेतो आणि पुढे निघतो. परंतु या दोन गोष्टींच्या मधोमध एक तिसरी गोष्ट आहे आणि ती सांगितल्यावाचून या चौकाचा इतिहास सांगितला असे म्हणता येणार नाही. ती अशी की, जी माणसे येथे विकली जात होती, तीच माणसे येथे विक्रीही करीत होती. आणि आज जो बाजार आपण पाहतो तो ना डॅनिश सरकारने वसवला, ना लोखंडाच्या कारखानदाराने. तो गुलामांनी, विशेषतः गुलाम स्त्रियांनी वसवला.

डॅनिश लोकांनी १६७२ साली सेंट थॉमसवर पाय रोवला. बंदराभोवती जी वस्ती झाली तिचे पहिले नाव 'टापहूस', म्हणजे सरळ मराठीत दारूचा गुत्ता. खलाशी जेथे उतरतात तेथे हे नाव शोभण्यासारखेच होते. पण वसाहतीला प्रतिष्ठा यावी म्हणून १६९१ साली डेन्मार्कच्या राणीचे नाव देऊन त्या गुत्त्याचे शार्लट अमाली झाले. बेट डोंगराळ, शेतीला जमीन बेताची. पण बंदर उत्तम आणि सर्व राष्ट्रांच्या गलबतांना खुले. त्यामुळे ऊस पिकवण्याचे काम १७३३ साली फ्रान्सकडून विकत घेतलेल्या सेंट क्रॉयकडे गेले आणि सेंट थॉमस ही मुख्यतः पेठ बनली. या पेठेतील एक मोठा माल म्हणजे माणूस. डॅनिश निशाणाखालून एक लाखाच्या आसपास आफ्रिकन माणसे अटलांटिकपार नेली गेली, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. १६८५ पासून ब्रांडेनबुर्गच्या कंपनीनेही येथे जागा भाड्याने घेऊन हाच धंदा केला.

या व्यापाराशी आपल्या देशाचाही एक धागा जोडलेला आहे, आणि तो काही अभिमानाने सांगावा असा नाही. डॅनिश लोकांची एक वखार तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी येथे १६२० पासून होती, दुसरी पुढे १७५५ मध्ये बंगालात श्रीरामपूर येथे झाली. भारतातील सुती कापड डेन्मार्कला जाई आणि तेथून त्यातले काही गिनीच्या किनाऱ्यावर गुलामांच्या मोबदल्यात दिले जाई. पश्चिम आफ्रिकेच्या काही भागांत कवड्या हे चलन होते. या कवड्या हिंदी महासागरातील मालदीव बेटांतून, बंगालमार्गे, युरोपियनांच्या जहाजांत भरल्या जात. 'कवडीमोल' हा शब्द आपण किती सहज वापरतो! त्या किनाऱ्यावर माणसाचा भाव अक्षरशः कवड्यांत मोजला जात होता.

आता बाजाराकडे वळू. मळ्याच्या मालकापुढे एक रोकडा प्रश्न होता. ऊस तोडण्यासाठी शेकडो माणसे आणली, पण त्यांना खायला काय घालायचे? उसाची चांगली जमीन अन्नासाठी वाया घालवणे त्याला परवडत नव्हते. बाहेरून मका आणि खारवलेले मासे आणावेत तर ते महाग, आणि युरोपात युद्ध पेटले की जहाजे बंद. तेव्हा कॅरिबियनमधील बहुतेक बेटांवर मालकांनी एक युक्ती काढली. डोंगरउतारावरचा, कोपऱ्यातला, उसाला निरुपयोगी असा जमिनीचा तुकडा गुलामाला नेमून द्यायचा. आठवड्यातून एक दिवस, बहुधा रविवारी, त्याने तो कसायचा आणि आपले पोट आपण भरायचे. मालकाचा खर्च वाचला. या व्यवस्थेत भूतदया शोधण्याचे कारण नाही.

पण मालकाने केवळ काटकसर म्हणून जे दिले, त्यातून गुलामांनी भलतेच काही उभे केले. त्या तुकड्यात रताळी, कोनफळाच्या जातीचे कंद, ज्यापासून साबुदाणा होतो तो कसावा, भेंडी, मिरच्या आणि तूर पिकू लागली. (तूर मूळची भारतातली, आफ्रिकेमार्गे ती तेथे पोहोचली आणि आजही त्या बेटांच्या रोजच्या जेवणात आहे.) खाऊन जे उरे ते पाटीत घालून, डोक्यावर चुंबळ ठेवून, बाया मैलोन्‌मैल चालत शहरात आणीत. पाटीत कोंबडी असे, अंडी असत, रानातले सरपण आणि गुरांसाठी गवताचे भारेही असत. रविवारी गोऱ्यांची चर्चमध्ये प्रार्थना चाले तेव्हा बाहेरच्या चौकात बाजार गजबजलेला असे. सेंट क्रॉयवरील क्रिश्चनस्टेड शहरात तर एका जागेचे 'रविवारचा बाजार' हे नावच पडले आणि ते आजतागायत टिकले आहे. ओल्डेनडॉर्प नावाचा एक मोरेव्हियन धर्मोपदेशक १७६७-६८ मध्ये या बेटांवर राहून गेला. त्याच्या १७७७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गुलामांच्या या शेतीचे आणि देवघेवीचे वर्णन आहे.

कायद्याच्या दृष्टीने हा सारा प्रकार चमत्कारिक होता. गुलाम ही मालकाची मालमत्ता. मालमत्तेला स्वतःची मालमत्ता कशी असणार? १७३३ साली गव्हर्नर गार्डेलिन याने गुलामांसाठी जी क्रूर नियमावली जारी केली, तिच्यात पळून जाणाऱ्याचा पाय तोडण्यापर्यंतच्या शिक्षा आहेत, आणि त्याच नियमावलीत अनुमतीशिवाय गुलामांनी खाद्यपदार्थ विकू नयेत असेही बजावलेले आहे. म्हणजे विक्री चालू होती, एवढी की तिला बंधन घालणे भाग पडले. आणि अनुमतीने विक्री मान्य करताच गाठीला चार पैसे बाळगण्याचा गुलामाचा हक्कही व्यवहारात मान्य झाला. शेजारच्या जमैकात एडवर्ड लाँग या मळेवाल्या लेखकाने १७७४ मध्ये अंदाज केला होता, की बेटावर फिरणाऱ्या नाण्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा गुलामांच्या हाती आहे. लाँग हा गुलामगिरीचा कट्टर समर्थक. त्याने गुलामांची बाजू घेऊन आकडा फुगवला असेल, अशी शंका घेण्याचे कारण नाही. सिडनी मिंट्झ आणि डग्लस हॉल या दोन अभ्यासकांनी १९६० साली जमैकातील बाजारांच्या उगमाविषयी लिहिलेल्या निबंधात हा मुद्दा प्रथम नीट मांडला. स्वातंत्र्यानंतर जो शेतकरी आणि जो बाजार दिसतो त्याचा पाया गुलामगिरीच्या काळातच, गुलामांनी स्वतः घातला होता, असे त्यांनी दाखवून दिले. काहींनी याच पैशातून स्वतःची किंवा आपल्या लेकरांची किंमत भरून स्वातंत्र्य विकत घेतले. ज्या शहरात आपली विक्री झाली, त्याच शहरात रताळी विकून स्वतःला परत विकत घ्यायचे! या व्यवहाराला काय नाव द्यावे?

बाजाराचा हा हक्क गुलामांना किती मोलाचा वाटत होता, हे जवळच्या अँटिगा बेटावरील एका घटनेवरून कळते. इंग्रजांच्या ताब्यातील या बेटावर १८३१ साली रविवारचा बाजार बंद करण्यात आला. देवाच्या दिवशी खरेदी-विक्री होऊ नये हा धर्मोपदेशकांचा आग्रह. त्याबद्दल दुसरा दिवस मात्र मोकळा देण्यात आला नाही. म्हणजे पुण्य मालकाला आणि उपवास गुलामाला. गुलामांनी विरोध केला, उसाच्या मळ्यांना आगी लागल्या, सैन्य बोलवावे लागले. डॅनिश गव्हर्नर पीटर फॉन शोल्टन याने यातून धडा घेतला असावा. त्याने १८४३ मध्ये बाजार रविवारवरून शनिवारवर नेला, पण त्याबरोबर शनिवार हा गुलामांचा मोकळा दिवस ठरवून दिला. गुलामगिरीतल्या मोठमोठ्या बंडांच्या कथा आपण वाचतो. बाजाराच्या एका दिवसासाठी झालेला हा झगडा त्यांच्या मानाने किरकोळ वाटेल. पण आठवड्यातला एक दिवस आपला म्हणून मिळवणे हे त्या आयुष्यात किरकोळ नव्हते.

सेंट थॉमसच्या बाजाराला आणखी एक वैशिष्ट्य होते. बेटावर पिकणारे अन्न शहराला पुरेसे नव्हते, म्हणून सेंट जॉनवरून आणि पलीकडच्या इंग्रजी टॉर्टोला बेटावरून भाजीपाला, कोळसा, शेळ्यामेंढ्या घेऊन शिडाच्या होड्या येत. इंग्रजी बेटांवर १८३४ ते १८३८ या काळात गुलामगिरी संपली. डॅनिश बेटांवर मात्र ती चालूच राहिली. सेंट जॉन आणि टॉर्टोला यांमधली खाडी अगदी अरुंद आहे. पलीकडच्या डोंगरावर मोकळी माणसे चालताना दिसत असतील. सेंट जॉनवरील गुलाम रात्री होड्या घेऊन पलीकडे पळू लागले. समुद्राच्या ज्या पट्ट्यातून रताळी इकडे येत, त्याच पट्ट्यातून माणसे तिकडे स्वातंत्र्याला जात. गुलामांची आयात डेन्मार्कने १७९२ च्या फर्मानाने, १८०३ पासून, बंद केली होती आणि असे करणारे पहिले युरोपीय राष्ट्र म्हणून त्याची वाहवाही झाली. पण आधीच आणलेल्यांचे काय, या प्रश्नाला उत्तर द्यायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. तेही सरकारने आपणहून दिले नाही. १८४८ च्या जुलैमध्ये सेंट क्रॉयवर हजारो गुलाम फ्रेडरिकस्टेडच्या किल्ल्यापुढे जमले, तेव्हा ३ जुलै रोजी फॉन शोल्टनने सर्व गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले.

मुक्तीनंतरची कथा निराळ्या लेखाचा विषय आहे. एवढे सांगितले पाहिजे की १८४९ च्या मजूर कायद्याने मुक्त माणसाला वर्षाच्या कराराने पुन्हा मळ्यालाच बांधले आणि हे बंधन १८७८ मधील सेंट क्रॉयच्या आगडोंबानंतरच सुटले. मजूर कमी पडतात म्हणून १८६३ साली कलकत्त्याहून 'मार्स' नावाच्या जहाजातून सुमारे सव्वातीनशे भारतीयही सेंट क्रॉयवर नेले होते. पाच वर्षांचा करार संपताच त्यांतले बहुतेक मायदेशी परतले. प्रयोग फसला, आणि फसला हे बरे झाले.

शार्लट अमाली मात्र त्या काळात वेगळ्याच ऐश्वर्यात होते. इंग्रजांच्या टपाल-आगबोटींचे ते मोठे ठाणे होते. बंदरातल्या बोटींत कोळसा भरण्याचे काम बायाच करीत, डोक्यावर टोपल्या घेऊन. चौकापासून जवळच मुख्य रस्त्यावरील एका ज्यू दुकानदाराच्या घरी १८३० साली कामिय पिसारो हा जगप्रसिद्ध चित्रकार जन्मला. १८५५ मध्ये तो पॅरिसला गेला तो कायमचा. पण त्याच्या तरुणपणच्या चित्रांत व रेखाटनांत या बेटावरच्या कष्टकरी स्त्रिया आहेत, आणि पुढे फ्रान्समधले आठवडे बाजार रंगवताना तो ज्या आत्मीयतेने बायांच्या घोळक्यांकडे पाहतो, तिचा उगम येथे असावा असे मला वाटते.

मग १८६७ आले. ऑक्टोबरमध्ये भयंकर चक्रीवादळ, नोव्हेंबरमध्ये भूकंप आणि त्यामागून समुद्राची लाट. योगायोग असा की, याच सुमारास डेन्मार्कने सेंट थॉमस आणि सेंट जॉन ही बेटे ७५ लाख डॉलरना अमेरिकेला विकण्याचा करार केला होता. अमेरिकन सिनेटने तो मंजूर केला नाही. १९०२ मध्ये तिन्ही बेटांचा भाव ५० लाख डॉलर ठरला. या वेळी डॅनिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात प्रस्ताव अडला. शेवटी पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांच्या धास्तीने अमेरिकेने अडीच कोटी डॉलर मोजले आणि ३१ मार्च १९१७ रोजी निशाण बदलले. विकावे की नाही यावर डेन्मार्कमध्ये सार्वमत घेण्यात आले. बेटांवर राहणाऱ्यांना अधिकृतपणे कोणी विचारले नाही. पूर्वी माणसे सुटी विकली जात, आता घाऊक व्यवहार झाला, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

चौकातले लोखंडी छप्पर आले ते या घासाघिशीच्या काळात. त्याचा इतिहासही त्या युगाला साजेसा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील कारखाने खांब, कमानी, तुळया, पन्हाळी यांचे सुटे भाग ओतून, त्यांवर क्रमांक घालून जहाजाने वाटेल तेथे पाठवीत. तेथे ते बोल्टांनी जोडले की रेल्वे स्टेशन, बँडस्टँड किंवा मंडई तयार. उष्ण प्रदेशात लाकडाला वाळवी लागते, आग लागते, वादळात ते उडते; लोखंड टिकाऊ. ब्रिटिश गियानात जॉर्जटाऊनच्या नदीकाठी १८८१ मध्ये उघडलेला स्टॅब्रुक बाजार अमेरिकन कारखान्याने बांधला. हैतीतील पोर्ट-ओ-प्रिन्सचा १८९१ चा लोखंडी बाजार फ्रान्सहून आला. तो २०१० च्या भूकंपात कोसळला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. हैती तेव्हा स्वतंत्र होते, हे खरे. पण आधुनिकतेचा नमुना तेही पॅरिसहून मागवीत होते.

अशा छपरांचे कौतुक करू नये असे नाही. उन्हापावसात बसणाऱ्या बाईला छत मिळाले ही चांगलीच गोष्ट. परंतु छपराबरोबर आखलेल्या जागा आल्या, बाजारबैठकीचा कर आला, वजनमापाची आणि स्वच्छतेची तपासणी आली. आणि ठरल्या जागेबाहेर बसलेली विक्रेती ही जिकडेतिकडे गुन्हेगार ठरू लागली. दोनशे वर्षे ज्यांनी उघड्यावर बाजार चालवला त्यांना तो कसा चालवावा हे शिकवण्याचा अधिकार छप्पर घालणाऱ्यांकडे गेला. इमारतीचा इतिहास नगरपालिकेच्या दप्तरात राहतो. पाटीचा इतिहास कोण लिहून ठेवणार?

अमेरिकेचे राज्य आले ते नौदलाच्या अधिकाऱ्यांचे. निशाण अमेरिकेचे, पण लोकांना नागरिकत्व नाही आणि मताधिकार मूठभरांना, असा तो कारभार होता. त्याविरुद्ध रॉथस्चाइल्ड फ्रान्सिस या स्थानिक पत्रकाराने १९२१ मध्ये 'द इमॅन्सिपेटर' हे वृत्तपत्र काढले. त्यांच्यावर खटले भरण्यात आले, तुरुंगवासही घडला. १९२७ मध्ये नागरिकत्व मिळाले, १९३१ मध्ये नौदलाचा अंमल संपला. १९३५ मध्ये सेंट थॉमसच्या शिक्षिकांनी न्यायालयात दाद मागून स्त्रियांचा मताधिकार मिळवला, आणि १९३६ च्या कायद्याने मालमत्तेची अट गेली. बाजाराच्या चौकाला आज या फ्रान्सिस यांचे नाव आहे. पुण्याच्या रे मार्केटला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, त्या फुल्यांनी 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ १८७३ मध्ये गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केला होता, आणि मंडईच्या इमारतीवरील खर्चाला विरोधही केला होता. तेव्हा शार्लट अमालीच्या या नामांतराचे मर्म मराठी वाचकाला निराळे समजावून सांगायला नको.

चौकाला नाव मिळाले, छप्पर टिकले, १९९५ चे मेरिलिन आणि २०१७ चे इर्मा ही चक्रीवादळे शहराने सोसली. रोडावत गेली ती विक्रेत्यांची संख्या. बेटावरचे बहुतेक अन्न आता जहाजांतून बाहेरून येते आणि सुपरमार्केटच्या फडताळांतून विकले जाते. बंदरात प्रवासी जहाजे लागतात, हजारो लोक उतरतात, मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत घड्याळे आणि हिरे पाहून परत जातात. डोंगरउतारावरचे जमिनीचे तुकडे घरांसाठी विकले गेले. तेथे कंद लावणाऱ्यांची पिढी म्हातारी झाली. गुलामगिरीच्या कायद्याला जो बाजार मोडता आला नाही, तो जमिनीच्या भावाने आणि शीतगृहाच्या सोयीने खिळखिळा केला आहे. त्यावर उपाय म्हणून जागेचे सुशोभन करण्याची चर्चा होते. छपराला रंग देणे सोपे असते.

तरीही काही पाट्या येतात. कोनफळे, अळूच्या जातीचे कंद, मिरच्या, तुरीच्या शेंगा, हंगामात आंबे. बाजार मुख्यतः भरतो तो शनिवारी, म्हणजे १८४३ मध्ये गुलामांच्या पदरात पडलेल्या त्याच वारी.